पालथी होडी

अण्णांच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम खाली ओघळलेला असे. त्यात लोखंडी मोजपट्टी असायची. एका बाजूला वजन पडल्यामुळे गळ्याची बटणंही तिरकी दिसायची. नवीन माणसाला वाटावं, अण्णाच जरा वाकडे उभे आहेत. अण्णांएवढा सरळ उभा राहणारा माणूस आमच्या सोसायटीत दुसरा नव्हता, हे त्याला पुढे कळायचं, बहुतेक वेळा स्वतःची मोटारसायकल चार बोटं मागे सरकवताना.

भास्कर देशमाने हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे नगरकडचे. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये टाइम ऑफिसात तीस-बत्तीस वर्षं काढली. कोण कधी आला, कोण कधी गेला, हे लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर ती सवय त्यांनी आमच्या सोसायटीला लावली. बमरोलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमची सोसायटी. आम्ही खानदेशातले, काही सौराष्ट्रातले, काही युपीकडचे, दोन घरं ओडिशाची. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून अण्णा झाले आणि मग त्यांना काढायची कोणाची छाती झाली नाही. तळमजल्यावरच्या एक नंबरच्या घरात एकटेच राहायचे. पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी नाशिकला दिलेली. दार दिवसभर उघडं आणि दाराशी स्टुलावर जाड पुठ्ठ्याची वही.

"तोंडी चालत नाही" हे त्यांचं ब्रीद. पाण्याची टाकी गळते? तोंडी चालत नाही, वहीत लिहा. शेजारणीने कचरा टाकला? लिहा, खाली सही करा. एकदा एका बाईंनी भर दुपारी येऊन अण्णांनाच खडूस म्हटलं, तर अण्णांनी वही पुढे केली. बाईंनी खरोखरच लिहिलं. ते पान अजून आहे, खाली अण्णांची पोच आहे.

मी शाळामास्तरीण. नियम, हजेरी, लाल शाई यांचं मला वावडं नाही. पण खरं सांगते, सुरुवातीची वर्षं मला हा माणूस सोसत नव्हता. शाळेतून दमून यावं तर जिन्याशी हे मोजपट्टी घेऊन उभे. "मोरेबाई, स्कूटर रेघेबाहेर आहे. अडीच इंच." अडीच इंचांनी कोणाचं काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आज तुमचे अडीच, उद्या दुसऱ्याचे तीन. रुग्णवाहिका आली की मग इंच मोजत बसायचं का?" उत्तर बिनतोड होतं, म्हणून आणखी राग आला.

तो राग कसा गेला, ते सांगायचं तर आधी माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं.

सासऱ्यांना आम्ही बापू म्हणायचो. नंदुरबारकडचं तापीकाठचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या होडीवर माणसं पार करायचं काम. मग पूल झाला. पुलावरून माणसं मोटारसायकलने दोन मिनिटांत पलीकडे जायला लागली आणि बापूंची होडी काठावर बसली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना सुरतेला आणलं. आठव्या दिवशी ते परत गेले. पुन्हा आणलं, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गावाला गेले ते तापाने फणफणून दोन दिवस खाटेवर पडून राहिले, शेजाऱ्यांना पत्ता नाही. माझे यजमान सुनील जाऊन बघतात तो हे अशा अवस्थेत. तरी सुरतेचं नाव काढलं की एकच उत्तर.

"होडी कोन देखी? तिले एकटी टाकीसन मी आठे कसा ऱ्हाऊ?"

काठावरच्या बेवारशी होडीच्या फळ्या लोक चुलीला नेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी सुनीलने चिडून एक टेम्पो ठरवला आणि एका रविवारी सकाळी बापू आणि होडी दोघंही सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबले. पंधरा फुटांची काळी होडी, आणि तिच्यावर हात ठेवून टेम्पोत उभे बापू. पोरासोरांसकट सगळी सोसायटी गॅलऱ्यांत गोळा झाली.

फाटकाशी पहिले आडवे आले ते रमणकाका. साड्यांच्या पॅकिंगचा त्यांचा धंदा, माणूस दिलदार पण बोलायला तिखट. "मोरेभाई, आ पार्किंग छे, बंदर नथी," असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. लोक हसले. सुनीलचा चेहरा पडला. बापू टेम्पोतून उतरायलाच तयार होईनात. होडी परत गेली तर ते परत जाणार आणि या खेपेला गेले तर त्यांना आणायला जाण्याऐवजी पोचवायला जावं लागणार, हे मला लख्ख दिसत होतं.

अण्णा आले. मला वाटलं, झालं, आता उरलंसुरलं संपलं. त्यांनी मोजपट्टी काढली आणि होडी मोजली. लांबी, रुंदी, पालथी घातली तर उंची. मग आमची सोळा नंबरची पार्किंगची जागा मोजली, जिथे आमची एकुलती स्कूटर उभी असायची. मग म्हणाले की नियम बघावा लागेल, तोवर टेम्पोवाल्याला खोळंबून ठेवू नका, होडी उतरवा, 'तात्पुरती' असं लिहितो.

तो 'तात्पुरती' शब्द दीड महिना चालला. या दीड महिन्यात अण्णांनी सोसायटीत होडी ठेवण्याविषयीचा नियम शोधला. सोसायटीची नियमावली पाहिली, त्यात कुत्री होती, लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवणं होतं, होडी नव्हती. मग रिक्षाने, बसने, चार कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी सांगितलं की होडी हे वाहन असेल तर गाड्यांच्या खात्यात विचारा. तिथे म्हणाले, नंबरप्लेट नाही म्हणजे आमचं वाहन नाही. तिसऱ्यांनी विचारलं की ती पाण्यात आहे का? नाही? मग आमच्याकडे कशाला आलात? चौथ्या ठिकाणी एका साहेबांनी चहा पाजला आणि काका, घरी जाऊन आराम करा, असा सल्ला दिला. अण्णांनी प्रत्येक ठिकाणी अर्ज देऊन पोच आणली. त्या पोचा आजही वहीत चिकटवलेल्या आहेत.

मग गच्चीवर मीटिंग झाली. रमणकाका म्हणाले, नियमात होडी नाही म्हणजे होडी ठेवता येत नाही. सुनील म्हणाला, मनाई कुठे लिहिली आहे? नाही ना, मग ठेवता येते. दोघंही तावातावाने तेच तेच बोलत राहिले. अण्णांनी दोघांना बोलू दिलं आणि मग उभे राहिले.

"कुठेच नियम नाही, याचा अर्थ तो आपण करायचा आहे," ते म्हणाले. "बापू सोसायटीत राहणार आहेत की नाही, हा प्रश्न आहे. होडी त्यांच्या सामानातली वस्तू आहे. माणसाला घ्यायचं आणि सामान फाटकाबाहेर, असं मी लिहिणार नाही."

मी त्या दिवशी गच्चीवर मागे बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदराने पुसलंही नाही.

अर्थात अण्णा ते अण्णाच. लगेच पाच कलमं वाचून दाखवली. होडी सोळा नंबरच्या जागेत, आखलेल्या पिवळ्या रेघांच्या आत राहील. ती विटांवर, पालथी आणि पूर्ण कोरडी ठेवावी, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत. ढकलायचा लांब बांबू आणि साखळीची किल्ली सेक्रेटरीकडे. मालकास होडी चालवता येणं आवश्यक, नुसती शोभेला ठेवता येणार नाही. आणि मालक न राहिल्यास एका महिन्यात होडी हलवावी. बापूंना समोर बोलावून विचारलं, कबूल? बापूंनी दुसऱ्या कलमाशी क्षणभर मान वर केली, काही बोलतील असं वाटलं, पण मग हात जोडले आणि अंगठा न देता झोकात सही केली.

रमणकाकांनी याचा पुरता फायदा घेतला. त्यांच्याकडे मागच्या बाजूला गादी, पंखा आणि छोटी शेगडी बसवलेली यात्रेची मोठी गाडी होती. ती इतके दिवस ते भावाच्या गोदामात ठेवत. होडी चालते तर माझी गाडीही आत येणार, म्हणाले. अण्णांनी तीही मोजली. नेहमीच्या जागेत ती दीड फूट बाहेर येत होती. रमणकाका भांडायच्या तयारीत असताना अण्णांनी भिंतीकडेच्या मोकळ्या पट्ट्यात तिच्यासाठी वेगळ्या रेघा आखून दिल्या आणि वहीत 'हौसेची वाहने' असं नवीन पान काढलं. भांडायला आलेल्या माणसाला जागा मिळाली की तो कसा गोरामोरा होतो, ते त्या दिवशी पाहिलं.

बापू राहिले. सकाळी चहा झाला की होडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. थोड्या वेळाने अण्णा आपलं स्टूल घेऊन यायचे. एक अहिराणी बोलणारा, दुसरा कागदाची मराठी बोलणारा, त्यात दोघंही मितभाषी. तासन्‌तास बसलेले असत. काय बोलता हो एवढं, असं मी एकदा अण्णांना विचारलं. म्हणाले, "ते मला नदी सांगतात. मी त्यांना शिफ्टा सांगतो."

दोन पावसाळे कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी खाडी चढली.

आमच्याकडे खाडीचं पाणी येतं ते हळूच. सकाळी उठावं तर गल्लीत घोटाभर, दहा वाजता गुडघाभर, दुपारी कमरेच्या वर. तळमजल्यावरची माणसं जिन्यावर आली. रमणकाकांच्या आई नव्वदीच्या, त्यांना धाप लागायची, दवाखान्यात नेणं भाग होतं आणि गाडी फाटकातच बुडालेली. सगळ्यांना एकदम होडी आठवली. जी माणसं हसली होती त्यांनीच ती उचलली, सुलटी केली, पाण्यात सोडली. आजीबाईंना उचलून आत बसवलं. बापू बांबू घेऊन उभे राहिले.

फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही. प्रत्येक फळीच्या सांध्यातून पाणी वर यायला लागलं, आजीबाईंचे पाय, मग साडी, मग मांडी भिजली. रमणकाका ओरडत पाण्यातून धावले. चौघांनी आजीबाईंना खुर्चीत बसवून खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. त्या बचावल्या, देवाची कृपा. होडी मात्र तिथेच काठापर्यंत भरून बसली. बापू तिच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि कोणाकडे बघत नव्हते.

पाणी ओसरल्यावर अण्णा आमच्या घरी आले. बसले नाहीत. बापूंना सरळ विचारलं, असं का झालं?

"लाकूड सुकनं म्हंजे फाटस," बापू म्हणाले. "तेले पानी पाहिजे."

दोन-अडीच वर्षं विटांवर कोरडी राहिलेली होडी. फळ्या आकसून सांधे उघडे पडले होते. बापूंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग मीटिंगमध्येच का नाही सांगितलंत, असं अण्णांनी विचारलं. आवाज त्यांचाच वाटत नव्हता.

"ज्यानी जागा, तेना नियम," बापू म्हणाले. "तुमी सगळास्ना समोर मना पायी भांडनात. मी तुमनी चूक कसी काढू?"

अण्णा दाराकडे वळले. मग दाराशी चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली आणि गेले.

पुढच्या रविवारी मीटिंग ठरलेलीच होती. होडी काढून टाकावी, असा अर्ज बारा सह्यांनिशी आलेला. बापूंनी आदल्या दिवशीच आपली पिशवी भरून ठेवली होती. मी ती रिकामी केली, त्यांनी पुन्हा भरली. गच्चीवर अण्णांनी अर्ज वाचला आणि म्हणाले की चर्चेआधी एक नोंद घ्यायची आहे. त्यांनी उभ्यानेच वहीत लिहिलं आणि लिहिलेलं वाचलं.

"होडी गळली ती मालकाच्या निष्काळजीपणाने नव्हे. कलम दोन चुकीचं होतं. कलम दोन लिहिणाऱ्याने होडीवाल्याला न विचारता लिहिलं. चूक सेक्रेटरीची."

तीस वर्षं दुसऱ्यांची उशिराची नोंद करणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःची केली. रमणकाकांनीच म्हटलं की नियम सुधारा मग, अर्ज राहू द्या बाजूला. ज्याची आई भिजली त्यानेच असं म्हटल्यावर बाकीचे अकरा जण काय बोलणार? मी घरी येऊन बापूंच्या पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले. पुन्हा ती पिशवी भरली गेली नाही.

सुधारलेलं कलम असं: दरवर्षी ज्येष्ठात होडी सुलटी करावी, अर्धी पाण्याने भरावी, वरच्या फळ्यांवर ओली पोती टाकावीत, आठ दिवस तशी ठेवावी, मग सांध्यांना डांबर लावून पुन्हा पालथी घालावी. 'होडीवाल्याच्या सांगण्यावरून' हे शब्द कलमात आहेत. ज्येष्ठ उजाडला की सोसायटीत तो एक कुळाचारच झाला. बोअरची नळी, वर बादल्या घेऊन बायका, मिलमधून आणलेली पोती, आणि बापू मध्ये उभे राहून कुठे ओलं करायचं ते बोटाने दाखवताहेत.

दुसऱ्याच वर्षी साचलेलं पाणी तपासणारे आरोग्य खात्याचे लोक आले. कुंडीखालची ताटली, कूलर, टायर असं बघत पार्किंगमध्ये शिरले आणि पाण्याने भरलेली होडी बघून थबकले. त्यातल्या बाईंनी नोटीस लिहायला पेन काढलं. अण्णांनी वही काढली. एक दिवसाआड पाणी बदलल्याच्या नोंदी, वेळ, कोणी उपसलं, कोणत्या झाडांना घातलं, सह्या. त्या बाईंनी तीन पानं वाचली आणि पेन खिशात ठेवलं. जाताना म्हणाल्या की तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक सोसायटीत हवा. मी जिन्यात उभी होते. इतकी वर्षं मला नको असलेला माणूस आता आमचा आहे याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

बापू चार वर्षं आमच्याकडे राहिले आणि एका थंडीत, दुपारच्या झोपेतच गेले. स्वतःच्या माणसांत, औषधपाण्यासकट, होडी खिडकीतून दिसेल अशा खाटेवर गेले. ती चार वर्षं अण्णांनी आम्हाला दिली. सुनीलने आणली ती होडी, पण बापू राहिले ते अण्णांमुळे. हे मी त्यांना कधी तोंडाने सांगितलं नाही. तोंडी चालतही नव्हतं म्हणा.

पाचवं कलम माझ्या लक्षात होतं. मालक न राहिल्यास एक महिना. मी कॅलेंडरकडे बघायचे नाही. एकोणतिसाव्या दिवशी अण्णा वही घेऊन आले. सुनील पलसाण्याला शिफ्टवर होता. मी मनात म्हटलं, नियम म्हणजे नियम, या माणसावर रागवायचं नाही.

त्यांनी पान उघडलं. मालक या रकान्यात बापूंच्या नावावर एक बारीक रेघ होती आणि खालची ओळ मोकळी होती.

"उद्या महिना भरतो," ते म्हणाले. "रकाना रिकामा ठेवता येत नाही. इथे मोरेबाई असं लिहू का?"

मी मान हलवली.

"कलम चार. होडी चालवता येते?"

बापूंनी मला शिकवलं होतं, पण पार्किंगमध्ये, ज्येष्ठात पाणी उपसलेल्या, विटांवर सुलट्या होडीत उभं करून. बांबू कुठे रोवायचा, अंग कुठे टाकायचं, पाय किती फाकवायचे. गॅलरीतल्या बायका हसून हसून लोळायच्या. मी खरं ते सांगितलं, की कोरड्यावर येते. अण्णांनी गंभीरपणे लिहिलं: 'येते (कोरड्यावर)'. आणि खाली माझी सही घेतली.

त्यानंतरच्या दीड वर्षात अण्णा खचले. एक पाय धरला, उजवा हात थरथरायला लागला. खिशातली मोजपट्टी काढली नव्हती, पण ती आता उगाचच खिशात असायची. मुलगी नाशिकला चला म्हणायची. अण्णा म्हणायचे, वही कोणाला देऊ?

मग श्रावणात खाडी पुन्हा चढली. अण्णांचं घर तळमजल्यावर. सकाळी आठला आम्ही त्यांना खाटेसकट उचलून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणलं, दहापर्यंत पाणी त्याच्या खालच्या पायरीला लागलं. औषधं संपलेली, मुलगी आणि जावई मुख्य रस्त्यावर गाडी घेऊन अडकलेले. सुनील पलसाण्याला हायवेवर अडकलेला. रमणकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि होडीकडे बोट करून म्हणाले, चालो बेन, नाव काढो.

होडी सुलटी झाली. पाण्यात टेकली. मी बांबू धरला आणि बापूंनी शिकवले होते तसे पाय फाकवले. रमणकाका आणि आणखी एक जण पुढे दोर धरून पाण्यात चालत होते, तरी बांबू मलाच टाकायचा होता. अण्णांना चादरीत उचलून होडीच्या तळाशी बसवलं. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही. फाटक पार केलं. मागच्या वेळी इथवरसुद्धा आली नव्हती. मी खाली बघायचं टाळत होते.

ते नाशिकला गेले आणि दिवाळीनंतर तिथेच वारले. वही आता माझ्याकडे आहे, सेक्रेटरी मी आहे आणि स्कूटर रेघेबाहेर असली तर मी अडीच इंचांसाठी बोलते. पण मला अण्णा शेवटचे दिसले ते त्या होडीत.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी डावा हात खाली नेला. तळाच्या फळीवर पंजा दाबून धरला, एका सांध्यावर, मग दुसऱ्यावर. मग पंजा वर करून मला दाखवला. कोरडा होता. रस्ता आला, जावई पाण्यातून पुढे आले, तरी अण्णा उठेनात. त्यांनी पिशवीतून वही काढली, माझं पान शोधलं आणि थरथरत्या हाताने 'कोरड्यावर' या शब्दावर, दोन्ही कंसांसकट, एक रेघ मारली. खाली वेळ घातली, सही केली. मग वही माझ्या हातात दिली.

"पाणी उतरलं की पालथी घाला," ते म्हणाले. "विटांवर."